अकरा काडतुसं आणि एक दुश्मन

भवानी पेठेत गुरुबसप्पाला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्यावर राग धरून बसलेला माणूसही नव्हता. पुढं हीच गोष्ट त्याच्या आड आली.

गुरुबसप्पा लेथवाला. वय एकसष्ट. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं तो पॉवरलूमचे सुटे भाग कातून देत होता. गळ्यात लिंग, अंगात ग्रीसचे डाग पडलेली बंडी आणि बंडीच्या खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर. लग्नाला गेला तरी व्हर्निअर बरोबर. घरात अंडं कधी आलं नाही. ढेकूण सापडला तर त्याला कागदावर घेऊन गटारीपर्यंत पोचवून यायचा. अशा माणसाला शिकारीची रायफल घ्यावीशी वाटेल असं कुणी सांगितलं असतं, तर सगळ्यांत आधी तोच हसला असता.

मागच्या उन्हाळ्यात तो सांगोल्याला गेला. तिथं उदयसिंह नावाच्या बागाईतदाराच्या डाळिंबाच्या बागेत फवारणीचा पंप बिघडला होता. गुरुबसप्पानं त्याचा बुश, म्हणजे आतलं पितळी कडं, कातून आणला होता, तो तासाभरात बसवून दिला. उदयसिंह पंचाहत्तरीचे, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. त्यांनी पंप चालू करून बघितला, खूश झाले, मिस्त्रीला ओसरीवर बसवून ताक दिलं आणि आतून धोतराच्या पानात गुंडाळलेली एक लांबडी वस्तू घेऊन आले.

"मिस्त्री, तुमच्या हाताला मापाची जाण हाय. ही जरा बघा."

रायफल होती. उदयसिंहांच्या आज्यानं शंभर वर्षांमागं विलायतेहून मागवलेली. शिकारीवर बंदी आल्यापासून ती फक्त दसऱ्याला तेल प्यायची आणि पुन्हा झोपायची.

गुरुबसप्पानं बोल्टचा, म्हणजे मागच्या खिळीचा, दांडा वर उचलला, मागं ओढला, पुढं ढकलला, खाली दाबला. आत काही घासतंय याचा बोटांना पत्ताच लागला नाही. त्यानं पुन्हा केलं. मग आणखी सात-आठ वेळा केलं. उदयसिंहांनी चामड्याच्या पाकिटातून एक काडतूस काढून त्याच्या तळहातावर ठेवलं, आणि तिथं खरा घात झाला.

गुरुबसप्पानं व्हर्निअर काढला.

"पितळेची लांबी सत्तावन्न मिलिमीटर," तो म्हणाला.

"म्हणून तर जर्मन लोक हिला सात बाय सत्तावन्न म्हणत्यात. इंग्रजानं आपलं नाव दिलं, टू-सेवन-फाइव्ह. माल एकच."

"बुडाला बारा. वर खांद्याला अकराच्या जरा आत." गुरुबसप्पाचा आवाज बारीक झाला. "एवढ्या लांबीत फक्त एका मिलिमीटरचा उतार. डोळ्याला दिसतबी न्हाय."

"उतार कशाला हो ठेवला असंल?"

"मालक, सरळ नळकांडं केलं असतं तर बार उडाल्यावर फुगून आतच अडकलं असतं. उतार दिला म्हणून जरासं मागं सरकलं की चारी अंगानं सुटतंय. आणि हा खांदा बघा. हा आत टेकला की काडतूस पुढं जात न्हाय. आणि बुडाला ही खाच, ओढून काढायला रायफलीचं नख बसतंय तिथं." त्यानं काडतूस उन्हात धरून फिरवलं. "हे करणाऱ्याला कुणी घाई केली न्हवती बघा."

उदयसिंहांनी चामड्याचं पाकीट त्याच्या पुढ्यात सरकवलं. पन्नास वर्षांत अनेकांनी ती रायफल हातात घेतली होती. सगळ्यांनी एकच विचारलं होतं, किती वाघ मारले.

"आमची पोरं म्हणत्यात, सरकारात जमा करा. जमा केली तर गंजून मरंल. तुमी घ्या मिस्त्री. अकरा काडतुसं हायत, तीबी घ्या. फक्त परवाना तेवढा काढा."

घरी आल्यावर गुरुबसप्पानं बायकोला, निंगव्वाला, हे सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती.

"अय्यो शिवा! आपल्या घरात अंडं येत न्हाय आणि बंदूक येणार व्हय?"

"मारायला न्हाय गं."

"मग कशाला?"

"बघायला."

"बघायला तलाव हाय की एवढा मोठा," निंगव्वा म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.

परवान्याच्या कचेरीत अनिलकुमार नावाचा कारकून होता. नीटनेटका, सभ्य, चष्म्याची काच दर दहा मिनिटांनी पुसणारा. त्यानं गुरुबसप्पाचा अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. 'शस्त्र बाळगण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं: काडतुसाची बांधणी उत्तम आहे.

"काका, हे कारण चालत नाही."

"का? खोटं न्हाय ते. मी मोजलंय."

"खरं-खोट्याचा प्रश्न नाही. आमच्याकडं कारणं तीनच. पिकाला धोका, जिवाला धोका, नाहीतर नेमबाजी. पीक आहे?"

"शेडच्या मागं कढीपत्ता हाय."

"त्याला रानडुकराचा त्रास?"

"शेजारणी तोडून नेत्यात."

"नेमबाजी येते?"

गुरुबसप्पानं स्वतःच्या जाड भिंगांना हात लावून दाखवला. अनिलकुमारनं मान डोलावली. "मग जिवाला धोका. कुणापासून आहे?"

"कुणापासूनच न्हाय."

"अवघड आहे," अनिलकुमार मनापासून हळहळला. "काका, मी तुमच्या बाजूचाच आहे. पण धोका नाव-पत्त्यासकट लागतो. चौकशीला माणूस जातो, त्याला कुणीतरी भेटायला हवं. आठवून बघा. एकसष्ट वर्षांत एकतरी दुश्मन झालाच असेल की."

गुरुबसप्पा पेठेत परतला आणि दुश्मन शोधायला लागला. लेथच्या आवाजाचा त्रास होत असेल म्हणून तो आधी भिंतीपलीकडच्या शिवणवाल्याकडं गेला. शिवणवाला म्हणाला, "उलट बंद पडलं की बेचैन होतंय अण्णा." मग त्यानं ज्याचा रोलर एकदा चुकीच्या मापाचा कातला होता त्या कारखानदाराला गाठलं. त्यानं चहा पाजला आणि तो रोलर अजून चालतोय म्हणून आभार मानले. पाच दिवस फिरून हाती काही लागलं नाही. शेवटी तो कल्लप्पाकडं गेला.

कल्लप्पा त्याचा पहिलीपासूनचा मित्र. कोपऱ्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान. किडकिडीत, हळू बोलणारा. इतका हळू, की गिऱ्हाईक बरेचदा त्याचं उत्तर न ऐकताच भाकऱ्या मोजून घ्यायचं. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हंजे मी काय करायचं?"

"हवालदार येईल. त्याला सांगायचं, गुरुबसप्पाला मी बघून घेणार हाय."

कल्लप्पानं ते वाक्य दोन-तीनदा हळूच म्हणून बघितलं. चेहऱ्यावर जरा रंग चढला. "जन्मात कुणाला असं बोललो न्हाय बे," तो म्हणाला. "बोलतो की."

आठवड्यानं चौकीतून शिवप्पा हवालदार आला. जाडजूड, घामाघूम झालेला, सरळ मनाचा माणूस. त्यानं दोघांनाही दुकानाच्या फळीवर शेजारीशेजारी बसवलं. कल्लप्पानं तिघांसाठी चहा सांगितला आणि गुरुबसप्पाच्या चहात साखर कमी ठेवायला लावली, कारण त्याला डॉक्टरनं सांगितलं होतं.

शिवप्पानं हे लिहून घ्यावं की नको याचा विचार केला. मग विचारलं, "तुमी ह्यांना बघून घेणार म्हणालात?"

"व्हय. बघून घेणार," कल्लप्पा पुटपुटला.

"मोठ्यानं बोला. दुश्मनी कवापासून?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. एवढी तयारी केली नव्हती.

"कवापासून... चौथीपासून," कल्लप्पा म्हणाला.

"कारण?"

"कारण... ह्यानं माझी पाटी फोडली."

गुरुबसप्पाला मित्राच्या हुशारीचं कौतुक वाटलं. पण ते वाटता वाटता त्याच्या तोंडून निघून गेलं, "फोडली न्हाय. पडली ती."

"पडली?" कल्लप्पा सावकाश त्याच्याकडं वळला. "बाकावर ठेवलेली पाटी आपोआप पडली?"

"एक्कावन्न वर्षं झाली बे."

"परीक्षेचा दिवस होता! गुरुजींनी विचारलं पाटी कुणी फोडली, तू खाली बघत बसलास. मला पाटी न्हाय म्हणून बाहेर काढलं. मी नापास झालो. बापानं शाळा सोडवून हितं ह्या फळीवर आणून बसवलं. तवापासून हितंच हाय मी!" त्याचा आवाज चढत चढत असा गेला, की समोरचं चपलेचं दुकान बंद असल्यासारखं गप्प झालं. "तू आयटीआय केलास! लेथ घेतलास! मी भाकऱ्या मोजतोय! बघून घेतो तुला, गुऱ्या! खरंच बघून घेतो!"

त्यानं चहाचा कप गुरुबसप्पाच्या अंगावर उपडा केला. शिवप्पा भराभर लिहीत होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतका अस्सल जबाब त्याला मिळाला नव्हता.

गुरुबसप्पाचा परवाना महिन्याभरात झाला. कल्लप्पाकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला गेला. दर सोमवारी चौकीत जाऊन सही करायची. कल्लप्पा गंध लावून, इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागला. पेठेत लोक त्याला वाट द्यायला लागले. गिऱ्हाईकं त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायला लागली. गुरुबसप्पाशी मात्र तो एक अक्षर बोलला नाही.

रायफल रीतसर बंदुकीच्या दुकानदारामार्फत घरी आली. अकराही काडतुसं आली. निंगव्वानं कुंकू लावलं आणि दारामागं ठेवायला सांगितलं. गुरुबसप्पानं ती कुलपाच्या कपाटात ठेवली. रोज संध्याकाळी एक काडतूस काढायचं, पुसायचं, खांद्यावरून बोट फिरवायचं. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "छान हाय. पितळी दिवाच की. वात घालायला भोक कुटं हाय?" एवढी देखणी वस्तू हाताशी होती आणि जिला ती दाखवावी अशी पेठेतली एकच असामी तोंड फिरवून बसली होती. गुरुबसप्पाला जेवण जाईना.

आणि मग कचेरीतून नोटीस आली. कल्लप्पानंही रायफलच्या परवान्याचा अर्ज केला होता. कारण: जिवाला धोका. धोका कुणापासून: गुरुबसप्पापासून, त्याच्याकडे रायफल आहे.

सुनावणीला अंकिता मॅडम होत्या. वयानं तरुण, नव्यानंच बदलून आलेल्या, आणि कागदात लिहिलं असेल ते खरं मानणाऱ्या. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारीशेजारी ठेवले.

"कल्लप्पांचा अर्ज जास्त मजबूत आहे," त्या म्हणाल्या. "गुरुबसप्पांना फक्त तोंडी धमकी होती. यांच्या दुश्मनाकडं खरोखरच हत्यार आहे."

"पण मॅडम, त्याचा परवाना आम्हीच दिलाय," अनिलकुमार हळूच म्हणाला.

"म्हणूनच पुरावा पक्का आहे." त्या गुरुबसप्पाकडं वळल्या. "खरं सांगा. यांना गोळी घालायचा तुमचा विचार आहे का?"

"ह्याला?" गुरुबसप्पा दचकला. "मॅडम, काडतुसं अकराच हायत. तसली परत मिळत न्हाईत. ह्याच्यावर कशाला घालवू?"

कल्लप्पा ताडकन उठला. "ऐकलंत? एका काडतुसाचीबी माझी लायकी न्हाय ह्याच्या लेखी!"

"तू बघितलंस कुटं काडतूस? बघितल्याशिवाय बोलतोस!" असं म्हणून गुरुबसप्पानं बंडीच्या खिशात हात घातला आणि काडतूस काढून टेबलावर उभं केलं.

अनिलकुमार टेबलाखाली गेला. सुनावणीला बोलावलेल्या शिवप्पानं दार अडवलं, पण बाहेरच्या बाजूनं.

"अहो, भरीव पितळ हाय! मी कातलंय. दारू न्हाय, पेटवायची टोपी न्हाय, काय न्हाय. खरं आणायला परवानगी न्हाय म्हणून नमुना केला." त्यानं ते कल्लप्पाच्या हातात दिलं. "चार दिवस लागले. तुला दाखवायचं म्हणून केलं. तू दारात उभं करीनास."

कल्लप्पानं टाकून द्यायला हात मागं नेला होता. पण वस्तूचं वजन हाताला लागलं आणि हात थांबला. त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं. अंगठा आपोआप बुडाच्या खाचेत बसला.

"हे कशाला?" तो गुरकावला.

"नख बसायला. उडालं की ओढून काढतंय."

"आणि हितं असं एकदम बारीक का झालंय?"

"तो खांदा. त्या जागी ते टेकतंय. पोटात दारू जास्त, तोंडाशी गोळी बारीक. दोघांना एकत्र राहायचं तर कुटंतरी खांदा पाहिजेच की."

"द्या बघू इकडं," मॅडम म्हणाल्या. मग ते त्यांच्या हातात गेलं, तिथून टेबलाखालून बाहेर आलेल्या अनिलकुमारच्या, तिथून शिवप्पाच्या. शिवप्पानं कानाजवळ हलवून बघितलं. शेजारच्या खोलीतली दोन माणसं आली. गुरुबसप्पा उतार समजावून सांगत होता, मॅडम कागदावर आकृती काढत होत्या, आणि पाऊण तास कचेरीत दुसरं काही काम झालं नाही.

काडतूस फिरून कल्लप्पाकडं आलं. त्यानं ते मुठीत घट्ट धरलं.

गुरुबसप्पा खाली बघत म्हणाला, "पाटी माझ्याच हातनं पडली. कोपर लागलं. गुरुजींच्या छडीला भ्यालो, म्हणून बोललो न्हाय. माफ कर बे."

कल्लप्पानं नाक ओढलं. मग त्यानं गुरुबसप्पाच्या बंडीचा गळा उगीचच सरळ केला.

"छान," अंकिता मॅडम म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे वैर मिटलं. धोका संपला. मग गुरुबसप्पांचा परवाना रद्द, रायफल जमा."

गुरुबसप्पाचा चेहरा राखेसारखा झाला.

"मिटलं कोण म्हणतंय?" कल्लप्पा ओरडला. त्याचा हात अजून मित्राच्या बंडीवरच होता, ती त्यानं मुठीत आवळली. "मॅडम, ह्याला मी जन्मात सोडणार न्हाय! लिवा!"

"पण आत्ताच तुम्ही..."

"ते माफीचं बघितलं. रागाचं आता बघा!"

मॅडमनी दोघांकडं नीट बघितलं. गुरुबसप्पानं धोक्यात असल्यासारखा चेहरा केला. "धोका कायम," त्यांनी लिहिलं. "आणि तुमच्या अर्जाचं काय कल्लप्पा? भीती वाटते?"

"भीती न्हाय. राग हाय."

"रागासाठी परवाना मिळत नाही," मॅडम म्हणाल्या आणि तो अर्ज निकाली काढला. फक्त दर महिन्याला हवालदारानं वैर चालू आहे की नाही याचा अहवाल द्यायचा, असा शेरा मारला.

पहिला अहवाल द्यायच्या दिवशीच गुरुबसप्पानं एक काडतूस उडवायचं ठरवलं. उडाल्याशिवाय चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचं, माप कळणार नाही, ही गोष्ट त्याला झोपू देत नव्हती. शहराबाहेर नेमबाजीचं मैदान होतं, तिथली परवानगी काढली. कल्लप्पाच्या भाकरीच्या टेम्पोतून तिघं गेले, कारण बाँडप्रमाणे कल्लप्पा आणि रायफल घेतलेला गुरुबसप्पा एकत्र असतील तिथं हवालदारानं हजर राहायला हवं होतं.

गुरुबसप्पा पालथा झोपला. कल्लप्पानं त्याच्या छातीखाली रिकामं भाकरीचं पोतं सरकवलं. बार उडाला. पिंपळावरचे कावळे उठले. गुरुबसप्पानं समोर बघितलंच नाही. बोल्ट ओढला, पितळ टणकन बाहेर पडलं, ते त्यानं या हातातून त्या हातात नाचवत गार केलं आणि व्हर्निअर लावला.

"पाच शतांश," तो कुजबुजला. "खांद्याला नुसतं पाच शतांश मिलिमीटर फुगलंय, आणि चारी अंगानं सारखं. शंभर वर्षांमागं कातलंय रे हे चेंबर. बघ. बघ कल्लप्पा."

कल्लप्पानं बघितलं आणि खिशात घातलं.

"हे मला पाहिजे. गल्ल्याजवळ ठेवीन."

"असं कसं? रिकामं झालं तरी कचेरीत दाखवायला लागतंय. आण हिकडं."

"पोतं माझं, टेम्पो माझा, आणि ह्याला एक फुंकलेलं पितळ देववत न्हाय!"

"तुझ्या बापाचं हाय का ते?"

"बापावर जाऊ नगंस!"

शिवप्पानं टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून आनंदानं अहवाल लिहिला. परत येताना दोघंही बोलत नव्हते. पितळ तेवढं शिवप्पाच्या टोपीत ठेवलं होतं, दोघांच्या मधोमध.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावरून फोन आला. कालच्या गोळीनं नेम धरायच्या फळ्याच्या मागची पाण्याची टाकी फुटली होती, मिस्त्रीनं येऊन बघावं. गुरुबसप्पा अवजारं आणि डबाभर पितळी बुचं घेऊन निघाला तर कोपऱ्यावर कल्लप्पा टेम्पो चालू करून उभा. गुरुबसप्पा शेजारी चढून बसला.

गुरुबसप्पा शिडीवर चढला. टाकीच्या पत्र्यातून पाण्याची बारीक धार येत होती. त्यानं भोकात व्हर्निअर घातला. सात पूर्णांक दोन. गोल, कडा साफ. त्याला हसू फुटलं. "कल्लप्पा, सात पूर्णांक दोन!" तो वरून ओरडला, आणि बरोबर आणलेल्या बुचांतलं योग्य ते निवडून ठोकायला लागला.

खाली दोन्ही हातांनी शिडी धरून, अंगावर पाणी झेलत कल्लप्पा उभा होता. लवकर उतर, दुकान उघडायचंय, म्हणून त्याला शिव्या घालत होता.